अकरा नंबरचा पोर्ट

लाईन कार्ड म्हणजे काय हे माझ्या नवऱ्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये कपाटाएवढी एक पेटी असते. तिच्यात फळीवर पुस्तकं लावावीत तशी कार्डं उभी खोचलेली असतात. एका कार्डावर चोवीस घरांच्या तांब्याच्या तारा येऊन टेकतात आणि कार्ड त्या तारांवर इंटरनेट चढवतं. एका घराची कार्डावरची जागा म्हणजे एक पोर्ट. घरातलं मोडेम चालू असलं की आम्हाला शहरात उस्मानपुऱ्याच्या ऑफिसात स्क्रीनवर तो पोर्ट हिरवा दिसतो, बंद झालं की लाल. ते हिरवं-लाल बघत बसणं हे माझं काम. नवरा म्हणतो, हे काय, कुणीही करेल. एक दिवस बसवते त्याला माझ्या खुर्चीत.

पाचोडचं कार्ड दिवाळीच्या तोंडावर वीज पडून जळालं. वरून विचारणा आली की तांब्याच्या तारेवर अजून माणसं आहेत का. आहेत म्हटलं. पुढच्या वर्षी फायबर येणारच आहे, तोवर थांबतील का. नाही थांबणार म्हटलं. मग हुकूम सुटला की वैजापूरला फायबर आल्यामुळे तिथलं हायस्पीड कार्ड रिकामं पडलंय, ते काढून पाचोडला बसवा. नव्या पोरांपैकी कुणी असलं कार्ड हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे मी आणि प्रांजली, दोघींची रवानगी झाली.

प्रांजली माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान. बोलणं कमी, काम नेटकं. तिची वस्ती पाचोडच्या अलीकडेच, नाल्याकाठी. घराणं मेंढरांचं. दिवाळी झाली की चुलते, चुलत्या, त्यांची पोरं-सुना सगळे मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतात ते मृगालाच परत येतात. प्रांजलीची आई मागेच वारली. वडील, म्हणजे केरबा, ज्यांना ती आबा म्हणते, आयुष्यभर कळपामागे चालले आणि आता गुडघे गेल्यामुळे वस्तीवर मागे राहतात. दिवाळी ते मृग त्या चार घरांत तेवढा एकच माणूस. तिने त्यांना शहरात आणून पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आठवडाही टिकले नाहीत. म्हणाले, "हितं रातच्याला कायबी खोकत नाय. झोपच लागत नाय." मेंढरांच्या खोकल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला फ्लॅटमध्ये कसं ठेवणार.

वस्ती खोलगट जागेत, त्यामुळे मोबाईलला रेंज नाही. पाझर तलावाच्या बांधावर चढलं तर येते, पण गुडघे गेलेला माणूस बांधावर कसा चढणार? चुलते ग्रामपंचायतीत निवडून आले होते तेव्हा ओढून घेतलेली टेलिफोनची तार तेवढी होती, तिच्यावरचा बोलायचा फोन केव्हाच बंद झाला होता. प्रांजली पाचोडला जायला इतकी उतावीळ का झाली होती ते मला जीपमध्ये बसल्यावर कळलं.

एक्सचेंजवर नानासाहेब हजर होते. नानासाहेब तिथले लाईनमन. त्यांनी हळदीकुंकू, उदबत्ती आणि नारळ आणून ठेवला होता. मी म्हटलं, "नानासाहेब, एका चिमूटभर कुंकवाने कार्ड शॉर्ट होतं." ते म्हणाले, "मॅडम, मागचं कार्ड पूजा न करता बसवलं व्हतं. पाहिलं ना काय झालं." शेवटी पेटीच्या बाहेरच्या दाराला कुंकू लावलं, नारळ उंबऱ्याबाहेर फोडला. प्रांजलीने मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, कारण अंगातली वीज कार्डाला लागली तरी ते जातं. जळकं कार्ड ओढून काढलं, खाचा ब्रशने साफ केल्या आणि वैजापूरचं कार्ड दोन्ही हातांनी सरकवत नेलं. शेवटी जरा जोर लावावा लागतो, कट्ट असा आवाज होतो, मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबायच्या. आधी लाल दिवा लागला, मग तो लुकलुकायला लागला. पुढची काही मिनिटं आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत नुसते उभे. मग हिरवा झाला. नानासाहेबांनी माझ्याकडे बघून नारळाकडे बोट दाखवलं.

एकेका घराची तार एकेका पोर्टला जोडली. अकरा नंबरला वस्तीची तार प्रांजलीने स्वतः जोडली.

मग आम्ही वस्तीवर गेलो. पुढच्या खोलीत भिंतीवर मोडेम ठोकलं. विजेचा बोर्ड खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर होता, वायर तिथे लावली. आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरं पागोटं, आवाज लांबपर्यंत हाक मारायची सवय असलेला.

"ह्यो दिवा कशाचा गं?"

"लाईन चालू असल्याचा, आबा. तुम्ही इथं बटन दाबलं की मला तिथं ऑफिसात कळतं."

"म्हंजी बाप उठला का नाय ते तुला मशीन सांगतं व्हय?"

"सांगतं."

"लई झालं मग. उठलो की दाबीत जाईन."

ते त्यांनी अगदी मनावर घेतलं. प्रांजलीने त्यांना एक टॅबही दिला होता, पण धूळ बसेल म्हणून ते तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवायचे. रविवारी सकाळी बाहेर काढायचे, लेकीशी बोलायचे आणि पुन्हा ट्रंकेत. बाकी दिवस त्या लाईनवर ना बोलणं, ना बघणं. नुसतं बटन.

बटनाची त्यांची शिस्त अशी. सकाळी उठले की देवापुढे दिवा आणि मोडेमचं बटन, दोन्ही एकदमच. घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी बटन बंद, कारण एकदा भावाचं छप्पर शॉर्ट सर्किटने जळालं होतं आणि तेव्हापासून माणूस घरात नसताना वीज चालू ठेवायची नाही हा वस्तीचा कायदा झाला होता. परत आले की चालू. झोपताना बंद. लाईट गेली की बंद, आणि आली की लगेच नाही, आधी बल्ब टिकतोय का ते निवांत बघायचं, मग बटन.

आमच्या स्क्रीनवर हे सगळं दिसायचं. अकरा नंबर सकाळी हिरवा झाला की प्रांजली म्हणायची, "आबा उठले," आणि मगच चहाला यायची. लाल झाला की शेताकडे गेले, हिरवा झाला की जेवायला आले. पाचोडची लाईट गेली की सगळं कार्ड लाल व्हायचं आणि लाईट आली की सगळी घरं एका दमात हिरवी व्हायची, फक्त अकरा नंबर सोडून. तो चहा पिऊन होईपर्यंत यायचा नाही. आमच्या अख्ख्या शिफ्टला सवय झाली होती. कुणीतरी विचारायचंच, "आबा आले का?" आणि तो ठिपका हिरवा झाला की आम्हालाच घरी पाहुणा सुखरूप पोहोचल्यासारखं वाटायचं. मला विचाराल तर त्या ऑफिसातलं तेवढंच एक काम मला मनापासून आवडत होतं.

पण यंत्राला आबा कुठून माहीत असणार. त्याच्या हिशेबी लाईन लाल झाली म्हणजे तुटली. दिवसातून इतक्या वेळा तुटणारी तार म्हणजे खराब तार, असं धरून कार्डाने आपण होऊन त्या पोर्टचा वेग उतरवायला सुरुवात केली, आणि दर आठवड्याला जो आढावा होतो त्यात पाचोडचा अकरा नंबर सगळ्यात वर जाऊन बसला.

आढावा घेतात विश्वजीत सर. पुण्याहून बदलून आलेले, तरुण, हुशार, वाईट माणूस नाही. पण त्यांच्यापर्यंत पोचतात ते फक्त आकडे. त्यांनी विचारलं, "पाचोड अकरा कोण आहे? तार गेलेली दिसते. उगाच सगळ्या कार्डाची सरासरी खराब होते. पुढच्या आढाव्यातही असाच दिसला तर लाईन सरेंडर करून टाका. फायबर आलं की बघू त्यांचं."

सरेंडर म्हणजे तार कापायची, पोर्ट मिटवायचा. मी टेबलाखालून प्रांजलीला ढोसलं. ती म्हणाली, "बघते सर."

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. "तोंड नव्हतं का तुला? माझे वडील आहेत, ते हाताने बंद करतात, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं तर म्हणतील, घरच्या लाईनसाठी कार्ड बसवून घेतलं."

"म्हणू दे की."

"तुम्हाला चालतं, ताई. आम्हाला नाही चालत."

मी वैजापूरची, पाटलांच्या घरातली, मला कुणी एक शब्द बोललं तर मी चार ऐकवते आणि वर मलाच चहा विचारतात. तिच्या वस्तीवरून असल्या ऑफिसात येऊन बसलेली ती पहिली. तिने एकदा मान वर केली तर लोक तिची जातच आधी काढतील, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तिने आपल्या परीने मार्ग काढला. एक छोटा कॅमेरा मागवला. तो वस्तीवर लावला की बटनाची गरज नाही, आबा दिवसभर डोळ्यांसमोर. पण कॅमेरा यायला वेळ होता आणि तिला सुट्टी एक रविवार सोडून पुढच्या रविवारी होती. त्या आधीच्या रविवारी टॅबवर बोलताना तिने आबांना सांगितलं की आता बटन बंद करायचं नाही. बाहेर जाताना नाही, झोपताना नाही.

"छप्पर जळंल ना गं," आबा म्हणाले.

"नाही जळत. पाया पडते, आबा. सारखं बंद होतं म्हणून साहेब मला बोलतात. लाईनच कापून टाकतील."

"तुला बोलतो व्हय सायेब?" आबांनी विचारलं. "मग नाय करीत बंद."

हे सगळं तिने मला सोमवारी सांगितलं. सांगताना ती स्क्रीनकडेच बघत होती. अकरा नंबर रात्रभर हिरवा होता आणि आताही हिरवाच. आबा उठले की नाही हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं नव्हतं. तिने चहाचा कप नुसता धरून ठेवला होता. म्हणाली, "एका आठवड्याचा तर प्रश्न आहे."

सोमवारी दुपारी पाचोडची लाईट गेली. परत आली तेव्हा सगळे पोर्ट आले, अकरा नंबर आला नाही. सगळी शिफ्ट हसायला लागली. म्हाताऱ्याने शब्द पाळला होता आणि शिस्तही सोडली नव्हती. लाईट गेल्यावर बटन बंद केलं तर ते काही लाईन बंद करणं होत नाही, असा त्यांनी आपला न्याय लावला असणार. बऱ्याच वेळाने पोर्ट हिरवा झाला आणि प्रांजली त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

मंगळवारी अकरा नंबर दिवसभर हिरवा.

बुधवारी सकाळी आढावा झाला. विश्वजीत सर खूश होते. "पाचोड अकरा एकदम सुधारला. सगळ्या कार्डावर सगळ्यात स्थिर लाईन आता तीच. कुणी केलं काम?" मी प्रांजलीकडे बोट केलं. सरांनी तिचं कौतुक केलं, ती लाजून खाली बघत राहिली. मला इतकं बरं वाटलं की मी कँटीनमधून सगळ्यांसाठी भजी मागवली.

त्याच दुपारी पाचोडची लाईट पुन्हा गेली. कार्ड लाल झालं. लाईट आली तशी सगळी घरं एका दमात हिरवी झाली, आणि त्या दमातच अकरा नंबरही हिरवा झाला.

"घ्या, शहाणे झाले तुझे आबा," मी म्हटलं.

ती हसली नाही. खुर्ची पुढे ओढून ती स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की मला वाटलं तिला दिसत नाही.

"ताई, लाईट गेल्यावर आबांनी बटन बंद केलंच नाही."

"तूच सांगितलं होतंस ना."

"सोमवारीही सांगितलेलंच होतं की. तरी केलं होतं."

मी म्हटलं, झोपले असतील. बाहेर गेले असतील. ती म्हणाली, ही त्यांची जेवून घरात बसायची वेळ, आणि दिवसा ते कधी झोपत नाहीत. मग तिने जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. तारेची चाचणी लावली, तार ठणठणीत. तारेवरचा गोंगाट बघितला, काही नाही. पोर्ट इथून बंद करून पुन्हा चालू केला, तो आज्ञाधारकासारखा परत आला. लाईनवरून काही जातंय येतंय का ते बघितलं, शून्य. पण टॅब ट्रंकेत असताना ते नेहमीच शून्य असायचं. तार वाटेत कुठे तुटली असती तर आम्ही जवळपास खांबापर्यंत जागा सांगितली असती. तारेच्या टोकाला बसलेला माणूस काय करतोय हे सांगणारी एकही कळ त्या स्क्रीनवर नव्हती. ती तरी दाबतच होती, कधी ही, कधी ती. मला तिचा हात धरावासा वाटला आणि धरवला नाही.

आबांच्या साध्या मोबाईलवर लावून बघितलं, रेंज नसल्याने तो नेहमीप्रमाणे लागला नाही. नानासाहेबांना लावला. ते तुटलेली केबल काढायला लांब कुठेतरी गेले होते. "निघतो मॅडम, पर येळ लागंल," म्हणाले. मी शिफ्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारली आणि प्रांजलीला गाडीत घातलं. बीड रोडला उसाच्या ट्रॉल्यांनी जीव नकोसा केला. मी हॉर्न वाजवत होते, शिव्या घालत होते. ती फोन हातात घेऊन पाचोडचं कार्ड बघत बसली होती. अकरा नंबर हिरवाच होता.

आडूळच्या पुढे नानासाहेबांचा फोन आला. "मॅडम, जित्ते हायेत," एवढं ते आधी बोलले. मग म्हणाले, दाराला आतून कडी होती, लाथ घालून उघडलं. आबा खाली पडलेत. उजवं अंग गेलंय. १०८ ला फोन केलाय.

आम्ही पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती. आबा पुढच्या खोलीत भिंतीला लागून पडले होते, नानासाहेबांनी अंगावर घोंगडी टाकली होती. कपडे खराब झालेले, ओठ सुकून फुटलेले. डोळे उघडे होते आणि त्यांनी लेकीला ओळखलं. तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसता आवाज. वर भिंतीवर मोडेमचा दिवा मस्त चालू होता. मला तो उपटून फेकावासा वाटला.

शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. झालं ते मंगळवारी सकाळी असणार. "अशा केसमध्ये पहिले काही तास असतात. त्यात आणलं असतं तर औषध देता आलं असतं. आता जेवढं आपोआप परत येईल तेवढं." ते अगदी सौम्य आवाजात बोलत होते, त्यामुळे त्यांच्यावर ओरडताही येईना.

प्रांजली बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होती. "मी दोन दिवस बघत होते, ताई. मी समोरच बसले होते."

मला राग आला होता. विश्वजीत सरांचा, मेंढरांमागे गेलेल्या चुलत्यांचा, फायबरचा, वैजापूरच्या त्या कार्डाचा, माझ्या भज्यांचा. पण राग काढावा असा माणूस सापडेना. विश्वजीत सर दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन आले. सगळं कळल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. प्रांजलीला म्हणाले, "मॅडम, एकदा सांगायचं होतं ना मला." ती म्हणाली, "हो सर." त्यांची तरी काय चूक, आणि नाही तरी कशी म्हणू. त्यांनी शहाळी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

आबांची वाचा हळूहळू, तुकड्या-तुकड्याने परतली. जीभ जड, तोंडाची एक बाजू ओढलेली, पण लक्ष देऊन ऐकलं तर कळायचं. पहिल्यांदा पाणी मागितलं. मग मेंढरं कुठवर गेली ते विचारलं. उजवा हात आणि पाय मात्र चादरीवर कुणी आणून ठेवल्यासारखे पडलेले असायचे. डॉक्टर म्हणाले, ते आता असंच.

एक दिवस संध्याकाळी प्रांजली औषधं आणायला खाली गेली होती आणि मी आबांजवळ बसले होते. ते डावा हात सारखा खाटेच्या कडेवरून खाली सोडत होते, काहीतरी चाचपल्यासारखा. मी विचारलं, "काय पाहिजे, आबा?"

"वायर," ते म्हणाले.

"कसली वायर?"

"मोडेमची. हाताशी व्हती." मग दम घेतला. "पडलो तवा. डाव्या हाताला. हितं, अशी."

न विचारता मला राहवलं नाही.

"मग ओढायची नाही का, आबा? ओढली असती तर लाईन बंद झाली असती. तिला तिथं लगेच कळलं असतं."

"ठाव हाय की," आबा म्हणाले. त्यांना माझं अडाणीपण जरा खटकलं असावं. "वढली की तिला कळतं. दोनदा धरली बी."

"मग?"

"तिचा सायेब तिला बोलला असता. पोरगी पाया पडते म्हनली व्हती." लाळ गळत होती, मी पुसली. "म्हनलं, कोन ना कोन यील. येवढ्यासाठी तिला कामून बोल लावा."

मी मान वर केली तेव्हा प्रांजली पडद्यापाशी उभी होती. हातात औषधांची पिशवी. किती वेळ उभी होती माहीत नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं की सगळं ऐकलंय. मला उठून तिच्याकडे जायचं होतं. मी लाळ पुसायच्या फडक्याची घडी घालत राहिले.

आबांनीही तिला बघितलं. चोरून काही केल्यासारखी त्यांनी नजर वळवली, मग न राहवून त्यांनीच विचारलं.

"सायेब काय बोलला का गं मग?"

ती आत आली. पिशवी टेबलावर ठेवली. खाटेच्या कडेला बसून तिने त्यांचा खाली लोंबणारा डावा हात उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. आवाज तिने हलू दिला नाही.

"नाही बोलले, आबा. म्हणाले, सगळ्यात चांगली लाईन हीच आहे. सगळ्यांसमोर नाव काढलं."

"मंग बरं झालं," आबा म्हणाले. तोंडाची जी बाजू हलत होती तेवढी हसली. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. ती तो हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, आणि मी औषधांच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या करत बसले.